हिरडीखालचें हाड

श्रोत्यांनीं एकदां आपल्या दांतांच्या मुळाशीं बोट फिरवून पाहावें. बोटाला जी मऊ, ओलसर आणि तरीही घट्ट बसलेली वस्तु लागते ती हिरडी, आणि तिच्यावर किंचित् दाब दिला असतां खालीं जें कठीण लागतें तें जबड्याचें हाड. मांडीचें किंवा दंडाचें हाड घेतलें तर त्यावर कातडी, चरबी व स्नायु यांचीं जाड आवरणें असतात. जबड्याच्या कांठाला तें भाग्य नाहीं. त्यावर हिरडीचा जो थर असतो तो एक-दोन मिलिमीटरच जाड असतो, आणि त्या थराला भोंकें पाडून बत्तीस दांत बाहेर आलेले असतात. शरीरांत दुसऱ्या एखाद्या ठिकाणीं कातडी फोडून हाडासारखी कठीण वस्तु अशी कायमची बाहेर आली, तर तेथें जखम चिघळल्याशिवाय राहणार नाहीं. निरोगी माणसाच्या तोंडांत मात्र तसें होत नाहीं. तें कां होत नाहीं, आणि ज्याच्या तोंडांत होतें त्याच्या हाडाचें नेमकें काय बिघडतें, हा प्रश्न ऐकावयास लहान आहे. परंतु त्याचें उत्तर मिळण्यास सुमारें तीनशें वर्षें लागलीं.

ह्या प्रश्नाला व्यवहारांत मोठें महत्त्व होतें. हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त व पू येतो, दांत लांब दिसूं लागतात, मग हलतात आणि शेवटीं न किडतांच गळून पडतात, हा विकार सर्व देशांतील लोकांना परिचित आहे. पायोरिया ह्या नांवानें तो ओळखला जातो. त्याविषयीं दोन मतें पूर्वापार चालत आलेलीं होतीं. एक मत असें कीं, हा वयाचा धर्म आहे. जसे केंस पिकावयाचे तसे दांत हलावयाचे. दुसरें मत असें कीं, रोगट हिरडीखालचें हाड सडलेलें असतें, आणि तें खरवडून काढल्यावांचून किंवा दांत उपटल्यावांचून गत्यंतर नाहीं. पहिल्या मतानें मनुष्य निष्काळजी राहिला. दुसऱ्या मतानें त्याचे दांत गेले. हीं दोन्ही मतें चुकीचीं आहेत हें सूक्ष्मदर्शक यंत्रानें दाखविलें. तें कसें दाखविलें त्याचा हा वृत्तांत आहे.

आरंभ हॉलंडमधील डेल्फ्ट गांवच्या एका कापडाच्या व्यापाऱ्यापासून करावा लागतो. आंतोनी व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) ह्याला विद्यापीठाचें शिक्षण मिळालेलें नव्हतें आणि त्या काळच्या विद्वानांची लॅटिन भाषाही येत नव्हती. अगदीं इवलीं कांचेचीं भिंगें तो स्वतः तयार करी आणि त्यांतून जें दिसेल तें लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळवी. सन १६८३ च्या सप्टेंबर महिन्यांत लिहिलेल्या एका पत्रांत त्यानें आपल्या दांतांची हकीकत दिली आहे. तो रोज सकाळीं मिठानें दांत घांशी, काडीनें फटी साफ करी आणि फडक्यानें दांत पुशी. तरीही कांहीं दांतांमधील फटींत त्याला कालवलेल्या पिठासारखा पांढरा मळ सांपडला. तो पावसाच्या स्वच्छ पाण्यांत मिसळून भिंगाखालीं धरतांच त्यांत निरनिराळ्या आकारांचे जिवंत जीव वळवळतांना दिसले. मग त्यानें जन्मांत कधीं तोंड साफ न केलेल्या एका म्हाताऱ्याच्या दांतांवरील मळ तपासला. तेथें तर त्यांची अतोनात गर्दी होती. जंतूंचें हें मनुष्यानें केलेलें अगदीं आरंभींचें निरीक्षण होय. परंतु हे जीव व हिरडीचा रोग यांचा संबंध त्याच्या ध्यानांत आला नाहीं, आणि पुढें जवळजवळ दोन शतकें तो कोणाच्याही ध्यानांत नीटसा आला नाहीं.

हाडाविषयींचें ज्ञान मात्र वेगळ्या वाटेनें वाढत होतें. हाड हा इमारतींतील दगड आहे, एकदां घडला कीं तसाच राहावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत होती. तिला धक्का बसला तो एका जेवणाच्या प्रसंगीं. लंडनचा शस्त्रवैद्य जॉन बेल्चर हा एका छिटें छापणाऱ्या कारखानदाराकडे जेवावयास गेला असतां डुकराच्या मांसांतील हाडें त्याला तांबडीं दिसलीं. चौकशी करतां असें कळलें कीं, मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनीं रंगविलेलें कापड साफ करण्यास जो कोंडा वापरीत तोच पुढें डुकरांस खाऊं घालण्यांत येई. ही गोष्ट बेल्चरनें १७३६ मध्यें प्रसिद्ध केली. फ्रान्समधील दुआमेल द्यु मोंसो ह्यानें तिच्यावर पद्धतशीर प्रयोग केले. जनावरांना कांहीं काळ ती मुळें खाऊं घालावीं, मग बंद करावीं, पुन्हां सुरू करावीं, असा क्रम त्यानें ठेवला. आणि हाड कापून पाहिलें तों त्यांत झाडाच्या खोडांतल्यासारखीं तांबडीं व पांढरीं वलयें एकाआड एक दिसलीं. रंग चढतो तो त्या वेळीं घडत असलेल्या नव्या हाडाला. जुन्या हाडाला तो चढत नाहीं. म्हणून कोणत्या काळांत हाडाच्या कोणत्या बाजूस भर पडली हें रंगावरून वाचतां येऊं लागलें. मंजिष्ठ ही भारतांतील रंगाऱ्यांच्या व वैद्यांच्या जुन्या परिचयाची आहे. तिच्याच वंशांतील युरोपीय झुडुपानें हाडाचें गुपित प्रथम उघडें केलें.

ही युक्ति जबड्याकडे वळविली ती जॉन हंटर (१७२८–१७९३) ह्या प्रख्यात शस्त्रवैद्यानें. मानवी दांतांवरील त्याचा ग्रंथ १७७१ मध्यें लंडन येथें प्रसिद्ध झाला. त्याच्यापुढें एक साधा प्रश्न होता. बालकाच्या जबड्यांत मोठ्या दाढांना जागाच नसते. मोठेपणीं प्रत्येक बाजूस तीन मोठ्या दाढा मावतात. तर ही जागा येते कोठून? मंजिष्ठ खाल्लेल्या डुकरांचे जबडे तपासून हंटरनें उत्तर दिलें. खालच्या जबड्याची जी फांदी कानाकडे वर चढते, तिच्या मागच्या कडेवर नवें हाड चढत जातें आणि पुढच्या कडेवरून जुनें हाड नाहींसें होत जातें. अशा रीतीनें ती सबंध फांदी हळूहळू मागें सरकते आणि दाढेला जागा मोकळी होते. एकाच हाडाच्या एका पृष्ठावर बांधकाम आणि दुसऱ्या पृष्ठावर पाडकाम! दगड असा वागत नाहीं. हंटरनें आणखी एक गोष्ट हेरली. ज्या खांचांत दांतांचीं मुळें बसलेलीं असतात तो हाडाचा कांठ दांतांबरोबर तयार होतो आणि दांत गेले म्हणजे झिजून जातो. म्हणून तो जबड्याचा भाग समजण्यापेक्षां दांतांचा परिवार समजावा, असें त्याचें म्हणणें होतें. दांत पडलेल्या वृद्ध माणसाचें नाक आणि हनुवटी जवळ येतात त्याचें कारण हेंच होय.

ह्याच हंटरनें एका माणसाचा दांत काढून दुसऱ्याच्या जबड्यांत बसविण्याच्या प्रकारालाही उत्तेजन दिलें. त्या काळीं लंडनमध्यें गरीब माणसें थोड्या पैशांसाठीं आपले धड दांत विकीत आणि श्रीमंत ते आपल्या जबड्यांत बसवून घेत. असे दांत फार काळ टिकत नसत, आणि त्यांबरोबर रोगही येतात अशी तक्रार होऊं लागली. हा प्रकार पुढें बंद पडला तें योग्यच झालें. परंतु त्यामागील शास्त्रीय प्रश्न खरा होता. दांत जबड्याला चिकटतो तो कशानें? तो नुसता खुंटीसारखा ठोकलेला असतो, कीं जिवंत पदार्थाशीं सांधलेला असतो? नुसत्या डोळ्यांनीं ह्याचा निर्णय होणें शक्य नव्हतें.

सूक्ष्मदर्शक यंत्र तर होतें. पण जुन्या भिंगांतून वस्तूंच्या कडांवर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसत आणि बारीक रचना धुरकट होई. इंग्लंडमध्यें जोसेफ जॅक्सन लिस्टर ह्यानें १८३० मध्यें हा दोष मोठ्या प्रमाणांत दूर करण्याचा मार्ग दाखविला, तेव्हांपासून ह्या यंत्राला खरी योग्यता आली. तरीही हाड तपासणें सोपें नव्हतें. प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप केल्यावांचून कांहीं दिसत नाहीं, आणि हाड तर सुरीनें कापत नाहीं. त्यावर दोन उपाय निघाले. एक, हाडाचा तुकडा दगडावर घांसून घांसून कागदासारखा पातळ करणें. दुसरा, हाड सौम्य आम्लांत ठेवून त्यांतील चुना विरघळूं देणें. मग तें कूर्चेसारखें मऊ होतें व पात्यानें त्याचे काप निघतात. पहिल्या उपायानें हिरडी व इतर मऊ भाग निघून जात. दुसऱ्या उपायानें मऊ भाग राहत. परंतु दांतावरचें जें शुभ्र, कठीण एनॅमल तें जवळजवळ सगळें खनिजच असल्यामुळें साफ विरघळून जाई आणि त्याच्या जागीं नुसती मोकळी जागा राही. हिरडी आणि दांत जेथें एकमेकांस भेटतात ती जागा जशीच्या तशी कोणालाच पाहावयास मिळेना. ही अडचण श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें जो मोठा वाद झाला तो हिच्यांतूनच झाला.

हाडापुरतें मात्र एकोणिसाव्या शतकानें पुष्कळ काम केलें. जॉन हाउशिप ह्या इंग्रज शस्त्रवैद्यानें झिजत असलेल्या हाडाच्या पृष्ठावर बारीक बारीक खळगे असल्याचें दाखविलें; आजही त्या खळग्यांना त्याचेंच नांव आहे. सन १८४६ मध्यें विल्यम शार्पी ह्यानें हाडाच्या थरांतून आरपार जाणाऱ्या तंतूंचें वर्णन केलें. फळ्या जशा खिळ्यांनीं जोडाव्या तसे हे तंतु बाहेरच्या आवरणाला हाडाशीं जखडतात. कार्ल गेगेनबाउर ह्यानें १८६४ मध्यें हाड बांधणाऱ्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट हें नांव दिलें. त्यांना अस्थिकारक पेशी म्हणतां येईल. १८७३ मध्यें व्युर्ट्सबुर्ग येथील प्राध्यापक आल्बेर्ट कॉलिकर ह्यानें हाड पाडणाऱ्या पेशींची ओळख पटवून दिली. हाउशिपच्या खळग्यांत ज्या मोठ्या, अनेक केंद्रकें असलेल्या पेशी बसलेल्या दिसतात त्याच हाड खाऊन तो खळगा पाडतात, असें त्यानें सांगितलें आणि त्यांना ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे अस्थिभंजक, असें नांव दिलें. ही पेशी हाडाच्या पृष्ठाला घट्ट चिकटते, आपल्याखालीं आम्ल सोडून चुना विरघळविते, आणि मग उरलेल्या तंतूंचें पाचक रसांनीं विघटन करते. तिचें काम झालें म्हणजे ती निघून जाते आणि मागाहून अस्थिकारक पेशी येऊन तो खळगा भरून काढतात. निरोगी शरीरांत हा पाडण्या-बांधण्याचा हिशेब जुळत असतो. हंटरनें जें मंजिष्ठेच्या रंगावरून ताडलें, त्याचे करणारे हात अशा रीतीनें कॉलिकरला दिसले.

दांत व हाड यांच्यामधील सांध्याचें काम अमेरिकेंतील जी. व्ही. ब्लॅक (१८३६–१९१५) ह्यानें केलें. इलिनॉय प्रांतांतील एका शेतावर वाढलेल्या ह्या माणसाचें शालेय शिक्षण फार थोडें झालें होतें. दांतांचा धंदा करतां करतां त्यानें सूक्ष्मदर्शकाचा अभ्यास केला आणि १८८७ मध्यें हाडावरील आवरण व दांताभोंवतालचें आवरण यांवर ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें दाखविलें कीं, दांताचें मूळ हाडाला प्रत्यक्ष टेकलेलेंच नसतें. दोहोंच्या मध्यें मिलिमीटरच्या चौथ्या-पांचव्या हिश्शाइतकी फट असते आणि तींत तंतूंच्या असंख्य दोऱ्या ताणलेल्या असतात. ह्या दोऱ्यांचें एक टोंक मुळांत व दुसरें हाडांत रोंवलेलें असतें. चावतांना दांतावर येणारा दाब ह्या दोऱ्यांमुळें हाडावर बराचसा ओढ म्हणून पोंचतो. पाळणा जसा दोऱ्यांवर टांगलेला असतो तसा प्रत्येक दांत आपल्या खांचेंत टांगलेला आहे. खुंटी कीं जिवंत सांधा, ह्या हंटरच्या काळच्या प्रश्नाचा निकाल येथें लागला.

इतकें ज्ञान होऊनही रोग्याचें दैव पालटलें नव्हतें. जॉन रिग्ज ह्या अमेरिकन दंतवैद्यानें १८७६ च्या सुमारास असें सांगण्यास सुरुवात केली होती कीं, पायोरियाचें मूळ दांतावर सांचलेल्या किटणांत आहे आणि तें नीट खरवडून काढलें तर दांत वांचतात. परंतु पुष्कळांना हें पटलें नाहीं. कित्येक शस्त्रवैद्य हिरडी उलगडून खालचें हाड सडकें समजून खरवडून टाकीत. त्यांत १९१० मध्यें लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर ह्यांनीं कॅनडांतील माँट्रियल येथें एक गाजलेलें व्याख्यान दिलें. घाणीवर बसविलेल्या सोन्याच्या टोप्यांवर त्यांचा रोख होता. तोंडांतील पू सर्व शरीरांत रोग पसरवितो असें त्यांनीं बजाविलें. ह्या म्हणण्यांत तथ्यांश होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, पुढील वीस-पंचवीस वर्षें इंग्लंड-अमेरिकेंत संधिवातापासून वेडापर्यंत अनेक विकारांवर उपाय म्हणून रोग्यांचे दांत सरसकट उपटण्यांत आले. त्यांतील कित्येक दांत वांचण्यासारखे होते. हिरडीखालीं काय चाललें आहे हें निश्चित माहीत नसल्याची किंमत रोग्यांनीं दिली.

तें निश्चित करण्याचें काम व्हिएन्ना शहरांत सुरू झालें. बेर्नहार्ड गोटलीब (१८८५–१९५०) हा गॅलिशियांतील एका ज्यू कुटुंबांत जन्मलेला वैद्य. तेथील विद्यापीठाच्या दंतसंस्थेंत त्यानें मृत माणसांच्या जबड्यांतून दांत, हिरडी व हाड असे एकत्र तुकडे काढून त्यांचे पातळ काप तपासण्याचा क्रम चालविला. नुसता दांत किंवा नुसती हिरडी न पाहतां तिघांचा संसार एकत्र पाहावयाचा, हें त्याच्या शाळेचें वैशिष्ट्य होतें. १९२१ मध्यें त्यानें आपला मुख्य सिद्धांत मांडला. हिरडी ही दांताभोंवतीं नुसत्या सैल गळपट्ट्यासारखी वेढलेली आहे, ही समजूत त्यानें खोडून काढली. हिरडीच्या आंतल्या कडेवरील पेशींचें अस्तर दांताच्या पृष्ठाला प्रत्यक्ष चिकटलेलें असतें, आणि हीच ती शिवण, जिच्यामुळें बाहेरचे जंतु हाडापर्यंत पोंचत नाहींत. ही शिवण खालीं सरकली कीं हाडही मागें हटतें. हें सरकणें जन्मभर निसर्गक्रमानेंच चालतें असें त्याचें मत होतें. तें मात्र पुढें तसेंच टिकलें नाहीं.

त्याचा शिष्य रुडोल्फ क्रोनफेल्ड हा शिकागोस जाऊन तेथें शिकवूं लागला. त्यानें १९३५ मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला, आणि ह्या सबंध इतिहासांत रोग्यांच्या दृष्टीनें त्याहून उपकारक लेख क्वचितच सांपडेल. पायोरिया झालेल्या माणसांच्या हिरडीखालचें हाड त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलें. पिढ्यान् पिढ्या जें सडकें म्हणून खरवडलें जात होतें तें हाड सडलेलें नव्हतें. त्यांत जंतु शिरलेले नव्हते. पू होता तो वर हिरडीच्या पिशवींत. खालीं हाड जिवंत होतें. त्याच्या पृष्ठावर अस्थिभंजक पेशी आपले खळगे पाडीत होत्या, आणि कांहीं ठिकाणीं त्यांच्याच शेजारीं नवें हाड बांधलेलेंही दिसत होतें. हाड रोगानें कुजत नव्हतें. वरच्या दाहापासून तें माघार घेत होतें. मग निरोगी हाड खरवडण्याचें प्रयोजन काय? वरचा दाह थांबविला पाहिजे, म्हणजे माघार थांबेल, असाच ह्या पाहणीचा अर्थ होता. अशा हाडाला शत्रु समजून त्यावर हत्यार चालविण्याची चाल त्यानंतर हळूहळू मागें पडली. क्रोनफेल्ड स्वतः १९४० मध्यें, चाळिशी गांठण्यापूर्वींच वारला.

तोंपर्यंत व्हिएन्नाची ती शाळाही मोडली होती. मार्च १९३८ मध्यें हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ज्यू विद्वानांना विद्यापीठांतून हांकलण्यांत आलें. गोटलीब पॅलेस्टाइनमार्गे अमेरिकेस गेला आणि टेक्सासमधील डॅलस येथें १९५० मध्यें वारला. हॅरी सिखर व जोसेफ वाइनमान हे शिकागोस पोंचले. बालिंट ऑर्बान हाही तेथें गेला. ज्या वर्षीं गांव सुटला त्याच १९३८ सालीं गोटलीब व ऑर्बान यांचा दांत व त्याचा आधार यांवरील ग्रंथ इंग्रजींत निघाला, आणि वाइनमान व सिखर यांचा हाडावरील ग्रंथ १९४७ मध्यें. अशा रीतीनें व्हिएन्नाची विद्या नष्ट न होतां अटलांटिकपार रुजली.

परंतु गोटलीबची ती शिवण खरी होती काय? नॉर्वेंतील येन्स वेअरहाउग ह्यानें १९५२ मध्यें तिच्याविषयीं उघड शंका घेतली. त्यानें पोलादाच्या अत्यंत पातळ पट्ट्या हिरडी व दांत यांच्यामध्यें सारून पाहिल्या. त्या फारसा अडथळा न होतां त्या अस्तराच्या थेट तळापर्यंत गेल्या. त्यावरून त्यानें असें ठरविलें कीं, अस्तर चिकटलेलें नाहीं, नुसतें टेकलेलें आहे. दोन्ही पक्षांजवळ पुरावा होता आणि निकाल करणारा काप कोणाजवळच नव्हता. कारण आम्लांत ठेवलेल्या तुकड्यांत एनॅमलच्या जागीं पोकळीच राही. चिकटलेलें काय, तें विरघळून गेल्यावर कसें कळणार?

हा वाद मिटविला तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें. साध्या सूक्ष्मदर्शकांत वस्तु हजार-दीड हजारपटींहून अधिक मोठी करून उपयोग होत नाहीं. ह्या यंत्रांत ती लाखपटही होते. १९६० नंतरच्या दशकांत ह्या यंत्राखालीं हिरडी व दांत यांची सीमा तपासण्यांत आली, आणि १९७१ मध्यें ह्यूबर्ट श्रोएडर व मॅक्स लिस्टगार्टन यांनीं तिचें सविस्तर वर्णन ग्रंथरूपानें दिलें. अस्तराच्या पेशींच्या दांताकडील बाजूस अर्ध्या बटणासारख्या असंख्य सूक्ष्म रचना असतात. त्यांच्या योगानें पेशी एका अतिपातळ थराला आणि तो थर दांताला चिकटलेला असतो. म्हणजे चिकटण्याविषयीं गोटलीब बरोबर होता. परंतु ह्या पेशी आपसांत सैल जोडलेल्या असतात आणि फार जलद बदलत राहतात. म्हणून पातळ पट्टी त्यांना फाडून सहज आंत जाते. वेअरहाउगचा हातही खोटें सांगत नव्हता. ही शिवण नाजूक आहे. तिचें बळ दांडगेपणांत नसून सतत नवी होत राहण्यांत आहे.

हाडाच्या पृष्ठाचीही नवी पाहणी त्याच सुमारास झाली. पृष्ठावरून इलेक्ट्रॉनांचा झोत फिरवून चित्र काढणारें यंत्र १९६५ मध्यें इंग्लंडांत बाजारांत आलें. लंडनमधील ॲलन बॉइड ह्यानें तें दांत व हाडें यांकडे वळविलें. वरचे मऊ भाग रसायनानें धुऊन टाकले म्हणजे हाडाचें उघडें पृष्ठ डोंगर-दऱ्यांच्या देखाव्यासारखें दिसतें, आणि त्यावरून तेथें काय चाललें होतें तें वाचतां येतें. बांधकाम चालू असेल तेथें तंतूंच्या जुड्यांवर चुन्याचे बारीक दाणे विखुरलेले दिसतात. काम थांबलेलें असेल तेथें पृष्ठ भरून गुळगुळीत झालेलें असतें. पाडकाम चालू असेल तेथें हाउशिपचे खळगे एकाला एक लागून पडलेले असतात. बांधणारें, विसांवलेलें आणि झिजणारें, अशीं हाडाचीं तीन पृष्ठें, आणि तींही एकाच जबड्यावर शेजारीं शेजारीं!

आतां राहिला लेव्हेनहूकचा मळ. तोच रोगाचें कारण आहे हें निर्विवाद सिद्ध करणारा प्रयोग डेन्मार्कमधील ऑर्हूस येथें हॅराल्ड लो व त्याचे सहकारी यांनीं १९६५ मध्यें प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा माणसांनीं दांत घांसणें अजिबात बंद केलें. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या लाल होऊन सुजल्या. पुन्हां घांसणें सुरू करतांच सुमारें आठवड्याभरांत त्या पूर्ववत् झाल्या. वयाचा येथें कांहींएक संबंध नव्हता. त्यांतील बहुतेक जण तरुण विद्यार्थी होते.

तरीही गोष्ट इतकी सरळ नाहीं. श्रीलंकेंतील चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या ४८० तमिळ मजुरांची पाहणी ह्याच लोनें १९७० मध्यें सुरू केली आणि पंधरा वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष १९८६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्या मजुरांना दांत घांसण्याची पद्धति माहीत नव्हती आणि दंतवैद्याचें साह्यही मिळत नव्हतें. सर्वांच्या दांतांवर किटण होतें आणि सर्वांच्या हिरड्यांना दाह होता. तथापि शेंकडा ८ जणांचे दांत फार लौकर गेले, शेंकडा ८१ जणांचा रोग मध्यम गतीनें वाढला, आणि शेंकडा ११ जणांचें हाड जसेंच्या तसें राहिलें. म्हणजे जंतूंवांचून रोग नाहीं. परंतु रोग किती भडकावा हें बरेंचसें त्या त्या शरीराच्या प्रत्युत्तरावर अवलंबून आहे. हाड जंतु खात नाहींत. जंतूंशीं लढतांना शरीरच आपल्या अस्थिभंजक पेशींना निरोप पाठवितें आणि हाड मागें घेतें. ज्या रासायनिक निरोपानें ह्या पेशी तयार होतात तो १९९८ च्या सुमारास ओळखला गेला, तेव्हां कॉलिकरपासूनचें एक वर्तुळ पुरें झालें.

ह्या सर्वांतून व्यवहारास उपयोगी पडेल असें जें निघतें तें थोडक्यांत सांगतां येईल. हिरडीचा दाह हाडापर्यंत पोंचण्यापूर्वीं थांबविला तर तो मागमूस न ठेवतां जातो. एकदां हाड मागें गेलें म्हणजे तें फार थोडें परत येतें. परंतु त्याची आणखी माघार थांबवितां येते. म्हणून दांत घांसतांना रक्त दिसलें तर हात आंखडणें ही चूक होय. तें रक्त म्हणजे शिवण उसवूं लागल्याची पहिली सूचना आहे, आणि अशा वेळीं अधिक नीट व हलक्या हातानें साफ करून दंतवैद्याकडे जाणें हाच मार्ग. महाराष्ट्रांत अनेक घरांतून, विशेषतः स्त्रियांत, मशेरीनें हिरड्या चोळण्याची चाल आहे. तिनें हिरडी बळकट होते ही समजूत निव्वळ भ्रम आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखू हिरडीचें व हाडाचें नुकसानच करते आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट करून देते.

डेल्फ्टचा तो व्यापारी मीठ, काडी आणि फडकें एवढ्याच साधनांनीं रोज सकाळीं आपले दांत साफ करीत असे. हाडाच्या पृष्ठावरील खळगे, तंतूंच्या दोऱ्या किंवा पेशींचीं अर्धीं बटणें यांचें त्याला स्वप्नही पडलें नव्हतें. त्याच्यानंतर तीनशें वर्षांच्या खटपटीनें जें कळलें, त्यानें त्याच्या त्या सकाळच्या साध्या संवयीचें कारण सांगितलें. हिरडीखालचें हाड दगड नाहीं. तें रोज थोडें पाडलें जातें आणि रोज थोडें बांधलें जातें. त्या हिशेबाचें पारडें कोणीकडे झुकावें हें पुष्कळ अंशीं ज्याच्या त्याच्या रोजच्या दोन मिनिटांवर अवलंबून असतें.